सिंह, उंदीर आणि चवदार तळे

पोलादपूर तालुक्यातील उमरठ या गावी तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, आणि तेथून निघून पोलादपुरावरून सावित्रीच्या काठाने महाडला यावे तो शहराच्या वस्तीत चवदार तळे लागते. या दोन स्थळांमधील अंतर काही कोसांचेच आहे. तथापि मनुष्याला पशूच्या मापाने मोजण्याची जी सवय जगातील बहुतेक भाषांना जडलेली आहे, तिची दोन टोके एवढ्या अल्प अंतरात सामावलेली आहेत. उमरठच्या वीराला महाराष्ट्राने सिंह म्हटले. महाडच्या तळ्यावर मात्र जनावरांना असलेली पाणी पिण्याची मुभा माणसांतीलच एका मोठ्या समूहाला नाकारली. एके ठिकाणी पशूचे नाव देऊन माणसाला वर चढवले, दुसरे ठिकाणी तसले नाव देण्याचीही तसदी न घेता त्याला पशूच्या खालच्या पायरीवर बसवले. वरवर पाहता गौरव आणि अवहेलना या परस्परविरुद्ध गोष्टी आहेत. परंतु त्या दोहोंच्या मुळाशी एकच विचारदोष आहे, असे प्रतिपादन करण्याचा या लेखाचा हेतू आहे.

भाषेचे अभ्यासक या विषयाकडे सामान्यतः रूपकाचा विषय म्हणून पाहतात, आणि तसे पाहिले म्हणजे तो निरुपद्रवी व काहीसा मनोरंजकही वाटतो. इंग्रजी भाषेत सिंह शूर, कोल्हा धूर्त, मेंढी आज्ञाधारक, कोंबडी भित्री, उंदीर दगाबाज आणि घुबड ज्ञानी. आमच्याकडे सिंह आणि कोल्हा यांची खाती तीच राहिली, पण घुबडाच्या वाट्याला अशुभाचा कलंक आला, बैल मंदबुद्धीचा ठरला, बगळा ढोंगी साधू झाला आणि गोगलगायीच्या पोटात पाय निघाले. ज्या देशात जी जनावरे, त्या देशाच्या भाषेत ती रूपके, एवढे सांगून पुष्कळांचे समाधान होते. परंतु हे स्पष्टीकरण फार लवकर थांबते. जनावरे पुष्कळ आहेत. त्यांतील मोजकीच शिवीत जातात, मोजकीच बिरुदात जातात, आणि बाकीची भाषेच्या दाराबाहेर राहतात. ही निवड कोण करतो व कोणत्या नियमाने करतो, हा खरा प्रश्न आहे.

केंब्रिजचे मानवशास्त्रज्ञ एडमंड लीच यांनी १९६४ साली पशूंचे वर्ग आणि शिवीगाळ यांच्या संबंधावर एक निबंध लिहिला, तो या बाबतीत आजही वाचनीय आहे. एखाद्याला कुत्रीचा मुलगा किंवा डुक्कर म्हटले तर भांडण होते, पण कांगारूचा मुलगा किंवा ध्रुवीय अस्वल म्हटले तर ऐकणाऱ्याला काहीच बोध होत नाही, असे का, या साध्या शंकेपासून ते निघाले. त्यांच्या मते मनुष्य पशूंना आपल्यापासूनच्या अंतराप्रमाणे रांगेत लावतो: घरातले, गोठ्यातले, शिकारीचे आणि दूर अरण्यातले, आणि ही रांग आप्त, शेजारी व परका या मानवी रांगेशी जुळती असते. ज्या प्राण्याचे स्थान या रांगेत संदिग्ध असते, ज्याच्याभोवती खाण्याचा वा शिवण्याचा निषेध उभा असतो, तोच शिवीच्या कामी येतो. लीच यांच्या सिद्धान्तावर पुढे आक्षेपही घेतले गेले. पण शिवी आणि अंतर यांचा संबंध आहे हे त्यांचे मुख्य निरीक्षण आमच्या सह्याद्रीच्या पायथ्याशीही लागू पडते.

मात्र आमच्याकडे त्यात आणखी एक गोष्ट मिळवावी लागते. मराठीतील नित्याच्या शिव्यांमध्ये कोणती जनावरे येतात याची मोजदाद केली, तर बैल, रेडा, गाढव, म्हैस आणि कुत्रा यांची नावे प्रथम येतील. पोलादपूरच्या डोंगरउतारावरील भाताची खाचरे ज्याच्या खांद्यावर पिढ्यान् पिढ्या नांगरली गेली तो बैल. चिखलात त्याच्या जोडीला राबणारा रेडा. ओझे वाहणारे गाढव. दूध देणारी म्हैस. राखण करणारा कुत्रा. उलटपक्षी सिंह, वाघ, गरुड, ससाणा ही जी बिरुदांत मिरवणारी मंडळी, त्यांनी कोणाचे शेत नांगरले नाही, कोणाचे ओझे वाहिले नाही, कोणाच्या दाराशी रात्र जागवली नाही. जो राबतो त्याचे नाव शिवी होते, आणि जो दुसऱ्याला मारून खातो त्याचे नाव पदवी होते, हा आमच्या पशुरूपकांचा अलिखित जाबता आहे. हत्ती व घोडा यांना त्यात मान आहे खरा, पण तो राजाच्या पदरी असल्यामुळे आहे. भाडोत्री टांग्याच्या घोड्याची कोणी कोणाला उपमा दिली, तर ती स्तुती म्हणून दिली जात नाही. म्हणजे पशूंची ही उतरंड निसर्गाने रचलेली नाही. श्रम करणाऱ्याला हीन आणि श्रमाचे फळ उपभोगणाऱ्याला थोर मानणाऱ्या समाजाने आपलीच उतरंड जनावरांवर लादली, आणि मग त्याच जनावरांची नावे माणसांना परत देऊन ती उतरंड स्वाभाविक असल्याचा दाखला मिळवला.

असे असल्यामुळे रूपकातील पशू आणि रानातील पशू यांचा संबंध फारसा राहत नाही. महाड तालुक्यातील नाणेमाची परिसरात आणि जवळच्या म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे गिधाडांची वस्ती आहे, आणि महाडच्या सिस्केप या संस्थेने त्यांच्या संवर्धनाचे काम केले आहे. भाषेत गिधाड म्हणजे दुसऱ्याच्या नाशावर टपलेला अधम मनुष्य. प्रत्यक्षातले गिधाड मेलेल्या जनावराचा निचरा करून गावाला रोगराईपासून वाचवते, आणि त्याच्या स्वतःच्या नाशाचे कारण मनुष्यच झाला: गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मृत जनावरांच्या मांसावाटे गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली सिद्ध झाले, आणि २००६ मध्ये भारत सरकारने त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली, तोपर्यंत या उपखंडातील गिधाडांच्या काही जातींचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झालेला होता. सावित्रीच्या पात्रातील मगरींचीही तीच कथा. महाडचे लोक पावसाळ्यात मगरींपासून जपून असतात, तो धोका खरा आहे. पण खोटे रडण्याचा जो आरोप भाषेने मगरीवर ठेवला आहे तो गुन्हा तिने कधी केलेला नाही, आणि करण्याची शक्ती तिला नाही. सिंहाच्या कळपात शिकारीचा मोठा भार सिंहिणी उचलतात, ही गोष्टही सिंहाच्या कीर्तीच्या आड आजवर आलेली नाही.

कुत्र्याच्या बाबतीत तर ही विसंगती महाड तालुक्यातच दगडात कोरलेली आहे. रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ वाघ्या कुत्र्याचे स्मारक १९३६ साली उभे राहिले. त्यामागील कथेला समकालीन पुरावा नाही असे सांगून अनेकांनी त्यावर हरकत घेतली, २०१२ साली तो पुतळा काढून टाकण्याचा प्रकार घडला, तो पुन्हा बसवला गेला, आणि वाद अद्याप मिटलेला नाही. त्या वादाचा निवाडा इतिहासाच्या अभ्यासकांनी करावा. आपल्या विषयापुरते एवढेच पाहावयाचे की ज्या प्राण्याच्या स्वामिनिष्ठेची कथा ऐकून लोकांचे डोळे पाणावतात, त्याच प्राण्याचे नाव गड उतरताच भांडणात सर्वांत आधी ओठांवर येते. कुत्रा निष्ठावंत आहे हे आम्हाला ठाऊक नाही असे नाही. पण त्याची निष्ठा ही चाकराची निष्ठा आहे, आणि चाकराचे गुण कितीही मोठे असले तरी चाकरी आमच्या लेखी हलकीच राहते.

आता सिंहाकडे वळू. सिंहगड हे नाव तानाजींच्या मृत्यूनंतर पडले अशी समजूत शाळेपासून रूढ आहे; परंतु ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या लढाईच्या पुष्कळ आधी, १६६३ सालच्या शिवाजी महाराजांच्या पत्रात किल्ल्याचा उल्लेख सिंहगड असाच येतो. म्हणजे वीराच्या नावावरून गडाचे नाव झालेले नाही. गडाच्या नावात जो सिंह होता तो पुढे कथेने वीराच्या अंगावर चढवला. याहून अधिक मननीय गोष्ट अशी की राजाराम महाराजांच्या काळात, सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत महाराजांच्या तोंडी ‘गड आला पण सिंह गेला’ या रूढ उद्गारातला सिंहाचा शब्द नाही. एक गड हाती आला, पण एक गड गेला, अशा आशयाचे उद्गार तेथे आहेत. या दोन उद्गारांतील अंतर शब्दालंकाराचे नाही. सिंह जन्मतो, गड बांधावा लागतो, राखावा लागतो, त्याच्या आश्रयाने इतरांना उभे राहता येते. तानाजींनी जे केले ते सिंहाला करता येण्यासारखे नव्हते. सिंहाला मागे फिरण्याचा मार्ग सुचत असताना पुढे जाण्याचा निर्णय घ्यावा लागत नाही, कड्याखाली तीनशे माणसांचा विश्वास सांभाळावा लागत नाही, दुसऱ्याच्या राज्यासाठी स्वतःच्या घरचे कार्य दूर ठेवावे लागत नाही. ज्याला भय ठाऊकच नाही त्याच्या धैर्याला किंमत कसली? सिंह म्हणून आम्ही त्या पुरुषाचा गौरव केला, आणि तो करताना ज्या निश्चयामुळे तो गौरवास पात्र झाला तो निश्चयच त्याच्या हिशेबातून वजा केला.

त्याच रात्री तानाजी पडल्यावर फळी फुटत असता ती सावरून ज्यांनी गड जिंकला, ते सूर्याजी मालुसरे. बखरीने त्यांची नोंद घेतली आहे. पण लोकस्मृतीत एका गडाला एकच सिंह पुरतो, आणि म्हणून सूर्याजींच्या वाट्याला कोणताही पशू आला नाही. याउलट रायगडाच्या कड्यावरून रात्री उतरून तान्ह्या मुलाकडे गेलेल्या गवळणीची कथा पाहावी. ती दंतकथा असो वा घडलेली गोष्ट असो, परंपरेने हिरकणीला वाघीण म्हटले नाही. जेथून ती उतरली त्या बुरुजाला तिचे नाव दिले. कृत्य, स्थळ आणि कर्ता या तिन्हींची नोंद त्या एका नावात झाली, आणि कोणत्याही श्वापदाची मदत घ्यावी लागली नाही.

शिवाय सिंह कोणाच्या दृष्टीने, हेही विचारले पाहिजे. मावळ्यांची जी युद्धपद्धती आम्ही सिंहाची आणि वाघाची मानली, तिलाच शत्रुपक्षाने उंदराची मानले. औरंगजेबाच्या तोंडी परंपरेने घातलेला डोंगरी उंदीर हा शब्द सर्वश्रुत आहे. तो त्याने प्रत्यक्ष उच्चारला की नाही हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी शब्दाची योजना चपखल आहे यात शंका नाही. रात्रीच्या काळोखात अनपेक्षित बाजूने येणे, जड फौजेला चकवणे, रसद कुरतडणे आणि पाठलाग होण्यापूर्वी डोंगरात दिसेनासे होणे हे सारे उंदराचे वर्तन म्हणता येईल, आणि वाघाचेही म्हणता येईल. कृत्य एकच, पाहणारा किल्ल्यावर आहे की छावणीत आहे एवढ्यावरून प्राणी बदलतो. पशूचे नाव उच्चारणारा मनुष्य समोरच्याविषयी जितके सांगतो, त्याहून अधिक तो स्वतःच्या हुद्द्याविषयी आणि पक्षाविषयी सांगत असतो.

यावर तोडगा काय, याचे एक उत्तर महाड तालुक्यातच, वरंध घाटाच्या परिसरातील शिवथरघळीत सापडते. दासबोधाचे लेखन येथे झाले अशी समर्थ संप्रदायाची श्रद्धा आहे. त्या ग्रंथाचा दुसरा दशक मूर्खलक्षणांनी सुरू होतो, आणि पढतमूर्खाच्या लक्षणांपर्यंत जातो. समर्थांची वाणी मवाळ नव्हती, कठोर शब्द त्यांना वर्ज्य नव्हते. तरीही मूर्ख कोण हे सांगताना त्यांनी तो अमुक जनावर आहे असे म्हणून विषय संपवलेला नाही. जो अमुक करतो तो मूर्ख, जो तमुक करीत नाही तो मूर्ख, अशी वर्तनाची एकामागून एक यादी त्यांनी दिली आहे. या पद्धतीत एक मोठे औदार्य दडलेले आहे. लक्षण हे वर्तनाचे असल्यामुळे ते सोडता येते. आज मूर्खांच्या यादीत असलेला मनुष्य उद्या यादीबाहेर पडू शकतो. शिवाय वाचणारा स्वतःही त्या यादीत कोठेतरी सापडतो. गाढव म्हटलेल्या माणसाला मात्र सुधारण्याची वाट उरत नाही, कारण गाढवपण हे कृत्य नाही. आणि म्हणणाऱ्यालाही आत्मपरीक्षणाची गरज उरत नाही, कारण गाढव नेहमी समोरचाच असतो.

पशूचे नाव मायेने दिले असता त्याचे विष उतरते, असेही नाही. मुलगी अगदी गरीब गाय आहे, हे वाक्य वधूपक्षाकडून कौतुकाने उच्चारले जाते आणि वरपक्षाकडून समाधानाने ऐकले जाते. गायीला आमच्या धर्मात देवतेचे स्थान आहे, तेव्हा ही उपमा सन्मानाचीच वाटते. परंतु त्या वाक्यातील गाय देवळातली नसते, दावणीची असते. ती बोलत नाही, मागत नाही, ज्या खुंट्याला बांधावी तेथे उभी राहते, हे तिचे गुण सांगितले जात असतात. आणि मग मूल न होणाऱ्या स्त्रीसाठी किंवा घरात निरुपयोगी मानल्या गेलेल्या वृद्धेसाठी भाकड हा गोठ्यातला शब्द वापरताना कोणाची जीभ अडखळत नाही. सन्मानाच्या दोरीचे दुसरे टोक असे गोठ्यात बांधलेले असते.

या सर्व विवेचनाची कसोटी महाडला लागते. महाडजवळच्या रावढुळ गावचे, सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ साली ‘विटाळविध्वंसन’ ही पुस्तिका काढून अस्पृश्यतेच्या समर्थकांपुढे प्रश्नांची मालिका मांडली होती. पुढे ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत होऊन सरकारी पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या; महाडच्या नगरपालिकेने त्यास अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला; पण दप्तरातील ठराव तळ्याच्या पायरीपर्यंत पोहोचला नाही. तळ्यावर हिंदूंखेरीज इतर धर्मीयही पाणी भरत, जनावरे पाणी पीत. महार, चांभार आदी समाजांच्या माणसांना तेवढी मनाई होती. रामचंद्र बाबाजी मोरे, सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे प्रभृतींच्या परिश्रमाने मार्च १९२७ मध्ये येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, आणि २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेतील समुदायासह तळ्यावर गेले व त्यांनी ते पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठून परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, आणि पुढे तळे शुद्ध करण्याचा विधी करण्यात आला. शुद्धीचे साधन होते पंचगव्य: दूध, दही, तूप, गोमूत्र आणि शेण.

या विधीचा अर्थ शांतपणे ध्यानी घ्यावा. मनुष्याच्या ओंजळीने जे पाणी भ्रष्ट झाले, ते जनावराच्या मलमूत्राने पवित्र झाले. येथे कोणी कोणाला कुत्रा म्हटले नाही, बैल म्हटले नाही. म्हणण्याची आवश्यकताच नव्हती. शिवीला थोडी तरी समानता लागते. ज्याला आपण माणूस धरले आहे त्यालाच जनावर म्हणून खाली ओढता येते. ज्याला आधीच जनावराच्या खाली गणले आहे त्याच्यासाठी जनावराचे नाव ही बढती ठरेल. गावची राखण, निरोपाची ने-आण, मेलेली गुरे ओढणे ही सारी कामे ज्यांच्या माथी वतनाच्या नावाने मारली होती, त्यांना गावाने आपल्या गुरांचीही पायरी दिली नाही. आमच्या पशुरूपकांत राबणाऱ्याचे नाव हलके मानण्याचा जो जाबता आपण पाहिला, तो येथे रूपकाचे पांघरूण टाकून उघडा उभा राहिला. म्हणूनच १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईच्या मणिभवनात गांधीजींची भेट झाली असता, ज्या देशात आम्हाला कुत्र्यामांजरांहून वाईट वागवले जाते आणि पिण्याचे पाणीही मिळत नाही त्याला मी आपली मायभूमी कसे म्हणू, अशा आशयाचे जे उद्गार बाबासाहेबांनी काढले, त्यांत अतिशयोक्ती शोधणे व्यर्थ आहे. कुत्रे आणि मांजर हे त्यांच्या वाक्यात अलंकार नव्हते. ते महाडच्या तळ्यावर पाणी पिणारे प्रत्यक्ष प्राणी होते.

प्रतिकार करताना बाबासाहेबांनी कोणता मार्ग घेतला, हेही येथे पाहण्याजोगे आहे. आपल्या लोकांना सिंहाची पदवी देऊन त्यांचा अहंकार फुलवणे त्यांना सहज शक्य होते. त्याऐवजी मार्चच्या परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावरांचे मांस सोडावे, उष्टे अन्न मागू नये, मुलांना शिकवावे, असा वर्तनाचा उपदेश केला. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, न्यायालयाचा मनाई हुकूम आलेला असता, तळ्याकडे जाण्याचा हेतू तहान भागवणे एवढाच नसून आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे प्रस्थापित करणे हा आहे, असे समजावून सांगितले. श्वापदाच्या बिरुदाची त्यांना गरज वाटली नाही. मनुष्य या सामान्य नामावरचा हक्क त्यांना हवा होता, आणि जगातल्या सर्व बिरुदांहून तो मिळवणे कठीण ठरले. स्पृश्य वादींनी तळे आपल्या खाजगी मालकीचे असल्याचा आणि अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट अनादी असल्याचा दावा केला. तो कज्जा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, अशी अनादी वहिवाट शाबीत होत नाही, असा निर्णय दिला.

पशुत्वाचे आरोपण जेथे तुच्छतेपासून द्वेषापर्यंत पोहोचते, तेथे ते पाळीव प्राणी सोडून उंदीर व किड्यामुंग्यांकडे वळते, हा विसाव्या शतकाचा अनुभव आहे. १९४० साली जर्मनीतील नाझी राजवटीने काढलेल्या प्रचारपटात ज्यूंची तुलना उंदरांच्या झुंडींशी केली होती. १९९४ साली रवांडातील नभोवाणीवरून तुत्सी जमातीला झुरळे म्हटले जात होते. बैलाला चाबूक असतो, पण तो जगवला जातो. झुरळाला फक्त मारले जाते. कोणत्या समूहासाठी कोणत्या प्राण्याचे नाव निवडले जात आहे यावरून त्या समूहाचे पुढे काय करण्याचा बेत आहे, हे पुष्कळदा आधीच ओळखता येते.

येथे सुज्ञ वाचक आक्षेप घेईल की, अशा विचाराने भाषेतील पशूंची सारी सृष्टी हद्दपार करावयाची झाली तर पंचतंत्राचे काय करावयाचे? आक्षेप महत्त्वाचा आहे, पण पंचतंत्र या लेखाच्या बाजूने साक्ष देते. त्याच्या पहिल्या तंत्रात करटक आणि दमनक असे दोन कोल्हे आहेत, ज्यांच्या नावांवरून त्या ग्रंथाचे अरबी रूपांतर ‘कलीला व दिम्ना’ या नावाने जगभर गेले. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांच्या मैत्रीत विष कालवतो तो दमनक. त्याला त्या दुष्कृत्याबद्दल बोल लावतो तो करटक. दोघेही कोल्हेच! जर कोल्हा असणे म्हणजेच कपटी असणे असते, तर दुसऱ्या कोल्ह्याला पहिल्याचा निषेध कसा करता आला असता? आणि ज्याचे नाव आम्ही मठ्ठपणाला दिले आहे तो बैल तेथे विद्वान व गुणी आहे, तर वनाचा राजा सिंह कानाचा हलका आहे. कथेत पशू बोलतो, विचार करतो, निवड करतो आणि त्या निवडीचे फळ भोगतो. म्हणजे कथा पशूला माणसाची जबाबदारी देते. शिवी आणि बिरुद ही दोन्ही नेमके उलट करतात: माणसाची जबाबदारी काढून घेऊन त्याच्या हाती पशूचा स्वभाव ठेवतात. तेव्हा कथा राहू द्यावी. विनोद, लाडके नाव, लहान मुलाला माकड म्हणणे, हेही राहू द्यावे, कारण तेथे कोणाची पायरी ठरत नसते. प्रश्न आहे तो न्यायनिवाड्याच्या जागी पशूचे नाव बसवण्याचा.

ती जागा आज अधिकाधिक व्यापली जात आहे. महामार्गाच्या कडेला वाढदिवसाचे जे फलक लागतात, त्यांवर ढाण्या वाघांची जेवढी गर्दी असते तेवढी सह्याद्रीच्या रानात कधीच नसेल. वाघ या पदवीत मोठी सोय आहे: वाघाला रस्त्याचे काम का रखडले असे कोणी विचारत नाही, वाघ हिशेब देत नाही, आणि त्याने काय खाल्ले याची चौकशी करणे हे तर त्याच्या स्वभावाविरुद्धच आहे. विधिमंडळात बहुमत जुळवण्याच्या खटपटींना वर्तमानपत्रे घोडेबाजार म्हणतात. इंग्रजीवरून घेतलेल्या या शब्दानेही असाच घोटाळा केला आहे. खऱ्या बाजारात घोडा विकला जातो, पण त्याची किंमत घोड्याच्या खिशात जात नाही, आणि तो विकला जाण्यापूर्वी कोणी त्याला मतदान केलेले नसते. लोकप्रतिनिधीच्या दुराचाराला घोड्याचे नाव देऊन आपण त्याला निर्दोष जनावरांच्या गोठ्यात लपण्याची जागा देतो, आणि हसून विषय सोडून देतो.

न्यायालयांच्या कारभारात दोष पुष्कळ असतील, परंतु त्यांचा एक शिरस्ता समाजाने उचलावा असा आहे. फिर्यादीने अर्जात प्रतिवादी हा लांडगा आहे असे लिहिले, तर त्यावर कोणतेही काम चालू शकत नाही. त्याने काय केले, केव्हा केले, कोठे केले, कोणी पाहिले, हे सांगावे लागते, आणि प्रतिवादीला त्याचे उत्तर देण्याची संधी असते. चवदार तळ्याच्या दाव्यात स्पृश्यांची बाजू पडली ती याच शिरस्त्यामुळे: पवित्र कोण आणि अपवित्र कोण हे सांगण्यात ते वाकबगार होते, पण वहिवाट केव्हापासून आणि कशावरून, एवढा साधा पुरावा मागितल्यावर त्यांच्याजवळ दाखवण्यासारखे काही निघाले नाही. सार्वजनिक व्यवहारात एखाद्याविषयी पशूचे नाव ऐकू आले, मग ते गौरवाचे असो की निंदेचे, तर त्याने केले काय, हा प्रश्न प्रत्येकाने लगेच विचारावा. ज्याच्या गौरवाला या प्रश्नाचे उत्तर देता येते त्याला सिंहाची गरज नाही. ज्या निंदेला ते देता येते तिला कुत्र्याची गरज नाही. आणि ज्यांपाशी उत्तरच नाही, त्यांचा गौरव व त्यांची निंदा ही दोन्ही पुराव्याअभावी निकालात काढावीत.